दापोलीची विद्या

दापोलीचें नांव निघालें कीं सुशिक्षित मराठी माणसाला गांवाआधीं माणसें आठवतात. मुरुडचे धोंडो केशव कर्वे, मुर्डीचे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, पालगडचे साने गुरुजी, दापोलीच्या मिशन हायस्कुलांत शिकलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. शिवाय सेवानिवृत्तीनंतर सुभेदार रामजी आंबेडकर कांहीं काळ सहकुटुंब येथें राहिले होते. एका लहानशा तालुक्यानें याचा अभिमान बाळगला तर त्यांत वावगें काय? परंतु श्रोतेहो, ही नामावळी जरा निरखून पाहिली असतां एक गोष्ट ध्यानांत येते. यांतील प्रत्येकाचें कार्य दापोलीबाहेर झालें. 1875 सालीं कर्वे परीक्षेसाठीं मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. त्यांचें पुढचें सारें कार्य हिंगण्याच्या माळावर उभें राहिलें. काण्यांची कर्मभूमि मुंबई, साने गुरुजींची खानदेश. विद्या मिळाली कीं हर्णैच्या बंदरांतून बोट धरावयाची, हा क्रम येथें इतका अंगवळणीं पडला कीं त्यांत कोणास उणें वाटेनासें झालें. मागें राहिलेल्यांची आशा मनीऑर्डरीवर.

विद्येचा ओघ उलट दिशेनें वाहूं शकतो, म्हणजे ती बाहेरून येऊन येथल्या मातींत शिरूं शकते, हें दापोलीस प्रथम दिसलें तें 1965 सालीं, कृषि महाविद्यालय स्थापन झालें तेव्हां. पुढें 18 मे 1972 रोजीं येथें कोकण कृषि विद्यापीठ निघालें. त्याच दिवशीं मराठवाड्यासाठीं परभणीचें विद्यापीठ स्थापन झालें. राहुरी व अकोला येथील विद्यापीठें त्यापूर्वींचीं. कोकणच्या विद्यापीठास नंतर डॉ. बाळासाहेब सावंत यांचें नांव देण्यांत आलें. 1963 सालीं कन्नमवारांच्या निधनानंतर कांहीं दिवस राज्याच्या मुख्यमंत्रिपदाची धुरा वाहणारे परशुराम कृष्णाजी सावंत ते हेच.

एवढ्याशा पट्टीस वेगळें विद्यापीठ कशाला, असा प्रश्न देशावरच्या माणसास पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर आकाशांत आणि जमिनींत आहे. राहुरीस वर्षाकाठीं वीस इंच पाऊस पडला तर समाधान मानतात. दापोलीस साडेतीन हजार मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें जवळजवळ 140 इंच कोसळतो, आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांत कोसळून समुद्रास मिळतो. खालीं जांभा दगड, वर तांबडी, धुपून जाणारी माती. डोंगरउतारावरील वरकस जमिनींत नाचणी नाहीं तर वरी पेरावी, दोन वर्षांनीं ती जमीन टाकून दुसरी धरावी, हीच रीत चालत आलेली. काळ्या मातीवर सिद्ध झालेलें ज्ञान येथें आणून उपयोग नव्हता.

या वरकस जमिनीस फळझाडाचा आधार मिळाला, ही माझ्या मतें या संस्थेची सर्वांत मोठी कामगिरी होय. आणि तिच्या मुळाशीं यंत्र नाहीं, धरण नाहीं, तर कलम करण्याची एक साधी रीत आहे. पूर्वीं आंब्याचें भेट कलम करीत. रोपाची कुंडी मूळ झाडापर्यंत न्यावयाची, त्याच्या फांदीस रोप बांधावयाचें आणि महिनोन्महिने वाट पाहावयाची. एका झाडाभोंवतीं अशीं कलमें बांधून बांधून किती बांधणार? कोय कलमांत तसें नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं कोय रुजते. तिचा तांबूस, कोंवळा कोंब छाटून त्यांत हापूसची तेवढ्याच जाडीची काडी पाचरीसारखी बसवावयाची व पट्टीनें घट्ट बांधावयाची. हात सरावला कीं एक मनुष्य दिवसांत शेंकड्यांनीं कलमें करतो. ही रीत अभ्यासून रोपवाटिकांत रुळविण्यांत विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. काजूसाठीं मृदुकाष्ठ कलम, तेंही याच वाटेनें आलें. काजू पूर्वीं बी टाकून वाढे. आईचे गुण लेंकरांत उतरतीलच अशी खात्री नसे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रांत निवडलेल्या व संकरानें सिद्ध केलेल्या जाति, 1974 ची वेंगुर्ला-1, 1981 ची वेंगुर्ला-4, 1997 ची वेंगुर्ला-7, कलमाच्या रूपानें शेतकऱ्याच्या हातीं पडल्या.

म्हणूनच 1990 च्या सुमारास सरकारनें रोजगार हमीशीं जोडून फळबाग लागवडीची योजना काढली, तेव्हां कोकणांत तिचें सोनें झालें. खड्डा खणण्याची मजुरी सरकार देऊं शकतें; खड्ड्यांत लावावयाचें खात्रीचें कलम मात्र कोणीतरी आधींच तयार करून ठेवलेलें असावें लागतें. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कातळांवर आज ज्या बागा दिसतात, त्यांतील कित्येकांचा जन्म त्या काळचा आहे.

सर्वच यत्नांस सारखें यश आलें असें नव्हे. हापूस वर्षाआड फळतो व त्यांत साका निघतो, हे त्याचे जुने दोष. नीलम व हापूस यांच्या संकरांतून 1981 सालीं ‘रत्ना’ निघाली. दरवर्षीं फळणारी, साका नसलेली. 1992 ची ‘सिंधु’ तर नांवापुरतीच कोय असलेली. परंतु मुंबईचें गिऱ्हाईक हापूसच मागतें! शास्त्राचा निकाल एक, जिभेचा दुसरा. बागाईतदारानें जिभेचा मानला, त्याला दोष कसा द्यावा? भाताचें याहून निराळें. कर्जतच्या जाति, खाऱ्या खाजणांसाठीं पनवेलच्या जाति, 1998 चा ‘सह्याद्रि’ संकर, हें सारें असूनही कोकणांतील कित्येक खाचरें ओसाड आहेत. तेथें बियाण्याचा प्रश्न नाहीं. लावणीस वांकणारी पाठ मुंबईस गेली आहे. उत्तम कलमानें डोंगर हिरवा झाला, पण गेलेलें माणूस त्यामुळें परत आलें असें म्हणतां येत नाहीं. बागेची राखण पुष्कळदां बाहेरगांवच्या मजुरावर आहे, आणि कित्येक डोंगर घरें बांधणारांनीं विकत घेतले आहेत.

3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली येथील नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. आजोबांनीं लावलेलीं झाडें तीं. पोफळीची ‘श्रीवर्धनी’ जाति विद्यापीठाचीच, नारळाची ‘प्रताप’ही भाट्याच्या केंद्रांतली. रोप आज लावलें तरी पोफळ धरण्यास पांच-सहा वर्षें लागतात, नारळास साधारण तितकींच. आणि पहिलीं दोन-तीन वर्षें तरी उन्हाळ्यांत त्यास पाणी घालणारें कोणी घरीं असावें लागतें.