भारतीय बालयकृत् सूत्रणरोग

भारतीय बालयकृत् सूत्रणरोग : सामान्यतः सहा महिने ते चार वर्षे या वयातील मुलांच्या यकृतातील कोशिकांचा नाश होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक वाढत जाणारा व पूर्वी बहुधा प्राणघातक ठरणारा विकार. जवळजवळ शतकभर अज्ञात राहिलेल्या त्याच्या कारणाचा शोध लागण्यात पुण्यातील संशोधनाचा वाटा महत्त्वाचा आहे.

या रोगाचे पहिले वर्णन १८८७ मध्ये कलकत्त्यात सेन यांनी केले आणि १८९१ मध्ये गिबन्झ यांनी त्यातील यकृताच्या विकृतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोगाची सुरुवात नकळत होते. मूल चिडचिडे बनते, अंगात बारीक ताप राहतो, पोट फुगते आणि उजव्या बरगडीखाली धारदार कडेचे टणक यकृत हाताला लागते. पुढे कावीळ व जलोदर होतो. ही अवस्था आल्यावर मूल बहुधा काही महिन्यांतच दगावे. एकाच घरात एकामागून एक भावंडे बळी पडत. त्यामुळे आनुवंशिकता हे कारण असावे, असे पुष्कळांना वाटे. तर कुपोषण, व्हायरसजन्य यकृतशोथ व धान्यावरील बुरशीची विषे यांकडेही संशोधकांनी लक्ष वेधले होते. मात्र यांपैकी कोणतेही अनुमान सर्व रुग्णांना लागू पडत नव्हते.

निदानाची दिशा १९७९ मध्ये बदलली. हान्स पॉपर, एन. सी. नायक प्रभृतींनी, तसेच स्ट्यूअर्ट टॅनर व पुण्याचे आनंद पंडित यांचा समावेश असलेल्या दुसऱ्या गटाने, रुग्णांच्या यकृतात तांबे अतिशय मोठ्या प्रमाणात साठलेले असते, असे दाखविले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क ऊतकात तांब्याचे प्रमाण साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या रुग्णांत ते बहुधा हजाराच्या आसपास किंवा त्याहून पुष्कळ अधिक भरे. जीवोतक परीक्षेत ऑर्सीन रंजकाने कोशिकांतील तांबेयुक्त प्रथिनांचे कण स्पष्ट दिसू लागल्याने निदान निश्चित करणे शक्य झाले.

मात्र हे तांबे रोगाचे कारण की परिणाम, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील आनंद पंडित व शीला भावे यांनी टॅनर यांच्या सहकार्याने रुग्णांच्या घरात शोधले. रोगी बालकांना आईच्या दुधाऐवजी फार लवकर वरचे दूध सुरू झालेले असे व ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले वा साठविलेले असे, हे त्यांनी १९८३ मध्ये मांडले. १९८७ मध्ये निरोगी बालकांशी तुलना करूनही तेच आढळले. पितळ ही तांबे व जस्त यांची मिश्रधातू होय. भांड्याला आतून कल्हई नसल्यास तांबे दुधात उतरते व त्यातील केसीन या प्रथिनाशी बांधले जाते. मातेच्या दुधात तांबे अल्प असते. घरोघर वारसाहक्काने आलेले पातेले वा चरवी हाच अशा रीतीने भावंडांमधील एक समान दुवा ठरला.

उपचारासाठी विल्सन रोगात वापरले जाणारे पेनिसिलामीन हे तांबे शरीराबाहेर टाकणारे औषध योजण्यात आले. कावीळ व जलोदर होण्यापूर्वी ते दिल्यास अनेक मुले वाचतात, असे पुण्यातील चाचण्यांतून दिसून आले. उशिरा आलेल्या रुग्णांना मात्र त्याचा फारसा लाभ होत नसे. म्हणून प्रतिबंधावर भर देण्यात आला. पितळी भांडी दुधासाठी न वापरण्याचा सल्ला, स्तन्यपानाचा प्रसार व पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा वाढता वापर यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग दुर्मिळ झाला.

ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावली व तांब्याची भांडी वापरातून गेल्यावर तो नाहीसा झाला, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे आनुवंशिक प्रवणतेचाही पुरावा मिळाला. भारतातही पितळी भांड्यातील दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नसे. त्यामुळे अशी प्रवणता येथेही असावी, असे मानले जाते. तथापि प्रवणता कायम राहूनही केवळ भांडे बदलल्याने रोग मागे हटला. यामुळे तान्ह्या बालकाचे दूध तांब्याच्या वा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात न ठेवण्याची दक्षता आजही आवश्यक ठरते.