सातबाऱ्याचे संगणकीकरण : कसोटी यंत्राची नव्हे, समन्वयाची

नाशिक : निफाडच्या द्राक्षबागायतदाराला पीककर्ज हवे असो वा शहरालगतची जमीन विकायची असो, पहिली मागणी होते ती सातबारा उताऱ्याची. हक्काची नोंद असलेला गाव नमुना सात आणि पिकांची नोंद असलेला गाव नमुना बारा मिळून हा उतारा बनतो. तलाठी दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने लिहिली गेलेली ही नोंद संगणकावर आणताना खरी कसोटी लागली ती समन्वयाची.

केंद्र सरकारच्या २००८ मधील राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाने या कामाला बळ मिळाले. राज्यात जमाबंदी आयुक्त कार्यालयाने धुरा सांभाळली, तर संगणक प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली. खरेदीखत नोंदणी विभागाकडे आणि सातबारा महसूल विभागाकडे, ही जुनी विभागणी कायम राहिली. मात्र ‘ई-फेरफार’ प्रणालीने दोहोंना जोडले. दस्त नोंदला जाताच माहिती महसूल यंत्रणेकडे जाते. तलाठी फेरफार नोंदवून नोटीस काढतो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

अडचण होती ती जुन्या नोंदींची. हस्तलिखित आणि संगणकीकृत उतारे जुळत नव्हते. कुठे खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज एकूण क्षेत्राशी विसंगत, तर कुठे नावात चूक. उताऱ्यावरून एखाद्या वारसाचे नाव गळाले, तर त्याचे कर्ज आणि जमिनीचा व्यवहार दोन्ही अडतात. म्हणून ‘एडिट’ व ‘री-एडिट’ अशा दोन टप्प्यांत दुरुस्ती झाली. २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेऊन खातेदारांसमोर उतारे वाचण्यात आले. त्यानंतरच, १ मे २०१८ रोजी, डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा शुभारंभ झाला.

हा क्रम कोणत्याही मोठ्या कार्यालयाने ध्यानात घ्यावा असा आहे. आधी जबाबदारी निश्चित करावी, मग जुने-नवे ताडून पाहावे आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना पडताळणीची संधी द्यावी, शिक्कामोर्तब शेवटी.

खातेदारांनीही डिजिटल उतारा जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी आणि फेरफार नोंदींशी ताडून पाहावा. लेखनप्रमाद आढळल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो.