अलाहिदा डाव

जत्रेनंतरच्या सकाळी बेळगावचा पेपर उघडला की कुस्त्यांच्या बातमीत एक ओळ हमखास सापडते: अमुक क्रमांकाची कुस्ती वेळेअभावी बरोबरीत सोडविण्यात आली. आजूबाजूच्या ओळींत कुणी घिस्सा मारून आस्मान दाखवलेलं असतं, कुणी एकलंगी भरून चीत केलेलं असतं. मला ओढ त्या मधल्या ओळीची. गाठ सोडवतात, भांडण सोडवतात, तशी इथे कुस्ती सोडवली. कुणी हरलं नाही, आणि तरी काम पुरं झालं.

बरोबरी हा शब्दही मातीत शोभावा असाच आहे. फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती भिडली की ‘बराबर’. आखाड्यात दोन मल्ल सलामी झडून एकमेकांना भिडतात, त्या क्षणाचं नाव आपण पुढे निकालालाही दिलं.

येळ्ळूरच्या चांगळेश्वरीच्या यात्रेतल्या कुस्त्या बघा. जोड लावताना वजन, उंची, तालीम, वस्तादाचं नाव, मागचा लौकिक हे सगळं पाहिलं जातं, कारण एकतर्फी कुस्ती बघायला कुणी उन्हात बसत नाही. म्हणजे मुळात तोलामोलाचे दोघे निवडायचे. मग बराच वेळ झाला तरी कुणाची पाठ लागली नाही, तर तो काही बिघाड नव्हे. जोड नेमकी लागल्याची ती पावती. पंच दोघांचे हात वर करतात, हलगी क्षणभर थांबते आणि पुढची जोड आत येते. यात्रेच्या मैदानात पुढची फेरी नसते. आजची कुस्ती आजच्यापुरती. म्हणून ती बरोबरीत सुटली तर कुणाचंच अडत नाही.

अडू लागतं ते एकाच किताबासाठी अनेकजण एकाच स्पर्धेत उतरतात तेव्हा. चिक्कोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. गदा एकच असते. ती दोघांत वाटून देता येत नाही, आणि उपांत्य फेरीतून दोघांनाही पुढे सोडता येत नाही. तिथे बरोबरी सोडवून चालत नाही, फोडावी लागते. आज मॅटवरच्या कुस्तीत गुण समान झाले तर आधी कुणी अधिक गुणांचा डाव मारला ते पाहतात, मग कुणाला कमी ताकिदी मिळाल्या ते, आणि तरीही समान असेल तर शेवटचा गुण ज्याचा तो विजयी. टोकियो ऑलिंपिकमध्ये बजरंग पुनियाची पहिली कुस्ती ३-३ अशी संपली होती. त्याने दोन गुणांचा डाव मारला होता, म्हणून तो पुढे गेला. लाल मातीत हीच कुस्ती बरोबरीत सुटली असती.

सोडवणं आणि फोडणं यांतलं हे अंतर फक्त आपल्याकडचं नाही. रग्बीतला एक जुना चषक आपल्या रुपयांचा आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब हा इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ साली बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या २७० रुपयांत काढली, ते रुपये वितळवून नागमुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला आणि इंग्लंडला दिला. त्या कलकत्ता कपसाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड पहिल्यांदा १८७९ साली एडिंबरोत खेळले. सामना बरोबरीत सुटला. कुणाला त्यात काही अपुरं वाटलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा खेळले, तेव्हा इंग्लंड जिंकलं.

फोडण्याची गरज निर्माण केली ती गुणतक्त्याने. १८८८ साली इंग्लंडमध्ये बारा फुटबॉल क्लबांची लीग सुरू झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, गुण मांडायचे, वरपासून खालपर्यंत नंबर लावायचे. दोन संघांचे गुण सारखे निघाले तर कोण वर? उत्तर आलं ‘गोल सरासरी’: केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागा. या भागाकारात एक खोट होती. समजा एका संघाने ६० गोल केले आणि ३० खाल्ले, तर त्याची सरासरी २. दुसऱ्याने जेमतेम २० केले पण ८च खाल्ले, तर अडीच. दार लावून बसणारा वर, खुल्या मनाने खेळणारा खाली. १९७० च्या विश्वचषकात भागाकार जाऊन वजाबाकी आली. खुद्द इंग्लंडच्या लीगने मात्र ती १९७६ च्या हंगामापर्यंत स्वीकारली नव्हती. नियम एकदा वहीत बसला की त्याला उठवणं किती कठीण, ते अठ्ठ्याऐंशी वर्षांनी कळलं.

रग्बीचा विश्वचषक त्यामानाने धाकटा. पहिला झाला १९८७ साली, आणि पहिल्याच खेपेला ही गाठ पडली. एकाच गटातले फ्रान्स आणि स्कॉटलंड क्राइस्टचर्चला २०-२० असे बरोबरीत राहिले. त्या सामन्यात फ्रान्सचे ट्राय जास्त होते, म्हणून गटात पहिलं स्थान फ्रान्सला मिळालं. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवणं. लाथेने मिळवलेल्या गुणांपेक्षा धावत जाऊन मिळवलेले गुण मोलाचे, असं त्या निर्णयाने सांगितलं. दुसऱ्या स्थानावरच्या स्कॉटलंडच्या वाट्याला उपांत्यपूर्व फेरीत यजमान न्यूझीलंड आलं आणि त्यांचा विश्वचषक तिथेच संपला.

याहून मोठा प्रसंग १९९५ चा. डर्बनला दक्षिण आफ्रिका आणि फ्रान्स यांच्या उपांत्य सामन्याआधी तुफान पाऊस पडला. मैदानात तळं साचलं. सामना होऊच शकला नसता तर नियम होता की ज्या संघाचं स्पर्धेतलं वर्तन चांगलं तो पुढे. दक्षिण आफ्रिकेचा जेम्स डाल्टन कॅनडाविरुद्धच्या सामन्यात हाणामारीवरून बाहेर काढला गेला होता, म्हणजे पावसाने फ्रान्स अंतिम फेरीत गेलं असतं. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतरचं ते पहिलंच मोठं यजमानपद, मंडेला अध्यक्ष, आणि सगळं येऊन ठेपलं ते मैदानात झाडू घेऊन उतरलेल्या बायकांवर. त्यांनी पाणी ढकलून बाहेर काढलं. सामना उशिरा सुरू झाला आणि यजमानांनी तो १९-१५ असा जिंकला. मंडेलांनी हिरवी जर्सी घालून कर्णधाराच्या हाती चषक दिला, तो प्रसंग जगाला पाठ आहे. मला त्या चित्रात त्या झाडूवाल्या बायकाही दिसतात.

आज रग्बीच्या गटात दोन संघांचे गुण समान झाले तर पहिला प्रश्न सरळ असतो: तुम्ही दोघे एकमेकांशी खेळलात तेव्हा कोण जिंकलं? त्यातूनही सुटलं नाही तर गटातल्या सगळ्या सामन्यांतला गुणांचा फरक, मग ट्रायचा फरक, मग एकूण गुण, मग एकूण ट्राय, आणि अगदी शेवटी जागतिक क्रमवारी. २०२३ साली फिजी आणि ऑस्ट्रेलिया दोघांचे ११ गुण झाले. फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असं हरवलं होतं, म्हणून फिजी पुढे गेलं आणि ऑस्ट्रेलिया प्रथमच गटातूनच घरी परतलं. फिजीचा अकरावा गुण आला कुठून? पोर्तुगालकडून २३-२४ असं हरल्यावर. रग्बीत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्याला एक बोनस गुण मिळतो, चार ट्राय करणाऱ्याला आणखी एक. सातच का? ट्रायचे पाच, त्यावरच्या किकचे दोन. म्हणजे एका पूर्ण ट्रायच्या अंतरात राहिलास, लढलास, तर हा घे एक गुण.

हा आकडा कबड्डीवाल्यांना ओळखीचा वाटेल. २०१४ ला सुरू झालेल्या प्रो कबड्डीत अनेक हंगाम असंच होतं: विजयाला पाच, बरोबरीला तीन, आणि सात किंवा कमी गुणांनी हरलात तर एक. बोनस गुणाचं खरं काम बरोबरी फोडणं नव्हेच. ती होऊच नये म्हणून आधीच पेरून ठेवलेलं ते बियाणं आहे. ते कधी कडूही उगवतं. २०१५ साली जपानने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवून जगाला थक्क केलं, गटात चारपैकी तीन सामने जिंकले, पण बोनस गुण एकही नाही. दक्षिण आफ्रिकेचेही तीन विजय, स्कॉटलंडचेही तीन. गुण मात्र १६ आणि १४, जपानचे १२. तीन सामने जिंकूनही गटातच अडकलेला तो विश्वचषकातला पहिला संघ.

कबड्डीच्या बाद फेरीत बरोबरी झाली तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया, आणि त्यातूनही सुटलं नाही तर ‘सुवर्ण चढाई’. फुटबॉलने वेगळी वाट धरली. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांची उपांत्य लढत जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिली आणि अंतिम फेरीत कोण हे नाणं उडवून ठरलं. दोन तास घाम गाळायचा आणि शेवटी छापा की काटा! दोनच वर्षांत पेनल्टीचा नियम आला. कोल्हापुरात आणि सीमेच्या अलीकडे आमच्याकडे त्या पेनल्टींना कुणी शूटआउट म्हणत नाही, सगळे ‘टायब्रेकर’ म्हणतात. जगात बरोबरी फोडण्याच्या कुठल्याही रीतीला लावला जाणारा शब्द आपल्या पेपरांनी त्या एकाच रीतीला चिकटवला. इंग्रजी ‘टाय’ म्हणजेही गाठच. आपण ती मातीत सोडवत होतो. इंग्रजीने ती फोडायला शिकवलं.

आणि मग खो-खो. बेळगाव-निपाणीच्या शाळांच्या मैदानांवर संध्याकाळी दोन खांबांमध्ये पाटीवर बसलेली मुलं अजून दिसतात. निपाणीहून कागल अर्ध्या तासावर, दोन्हीकडे तीच तंबाखूची शेतं, पण १९५६ पासून इकडचं पोर कर्नाटकाकडून खेळतं आणि तिकडचं महाराष्ट्राकडून. शब्द मात्र दोघांचे एकच: पळती, आक्रमण, खो, आणि दोन डावांनंतर गुण समान राहिले तर ‘अलाहिदा डाव’.

अलाहिदा मूळचा अरबी, फारसीतून आलेला. अर्थ: वेगळा, स्वतंत्र. हिंदीत अलहदा. मराठेशाहीतल्या मोडी कागदांत हा शब्द दफ्तराचा होता. मुख्य पत्रात न मावणारा मजकूर अलाहिदा लिहायचा, जास्तीचा हिशेब अलाहिदा यादीत मांडायचा. कारकुनाच्या बोरूतला हा शब्द खेळाच्या मैदानात आला आणि तिथेच राहिला. रोजच्या बोलण्यातून तो जवळपास गेला, पण खो-खोच्या बातमीत दहावीतलं पोरही तो न अडखळता वाचतं. जादा डाव म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण जादा म्हणजे वरचा, उरलेला. अलाहिदा म्हणजे हिशेबाचं वेगळं पान.

गटातल्या बरोबरीलाही खो-खोच्या नियमपुस्तकात असंच वेगळं पान होतं. साखळीत जिंकणाऱ्याला दोन गुण, बरोबरीत दोघांना एकेक. आणि साखळीअखेर संघांचे गुण समान राहिले तर? वजाबाकी नाही, क्रमवारी नाही. नव्याने चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या संघांनी पुन्हा बाद पद्धतीने खेळायचं. मला या सगळ्या कुळात हाच नियम सगळ्यांत सच्चा वाटतो, कारण तो निकाल खेळाडूंच्या पायांवर सोडतो. स्पर्धा भरवणाऱ्याला तो परवडत नाही हेही खरं. मैदान संध्याकाळपर्यंतच मिळालेलं असतं, मुलांना शेवटची एसटी गाठायची असते. रग्बीच्या २०२७ च्या विश्वचषकात तर २४ संघ, सहा गट, आणि तिसऱ्या क्रमांकाचे चार उत्तम संघही पुढे जाणार. त्या तिसऱ्यांतलं कुणीच स्पर्धेत एकमेकांशी खेळलेलं नसेल, तेव्हा त्यांची तुलना कागदावरच होणार.

खो-खोत अलाहिदा डावातही गुण समान राहिले, तर येतं लघुत्तम आक्रमण. नऊ-नऊ मिनिटांच्या आक्रमणांनी सुटली नाही ती गाठ आता पहिल्या एका गड्यावर येते. शिट्टी वाजते, घड्याळ चालू होतं, पहिला पळता बाद झाला की थांबतं. मग दुसऱ्या संघाची पाळी. पाटीवर बसलेले आठजण श्वास धरतात, कट्ट्यावरची गर्दी एकदम गप्प होते, आणि वेळाधिकारी दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहितो.