आलाँसाँची लेसवाली

फ्रान्समधल्या आलाँसाँ या छोट्या शहरातल्या झेली गेराँला जोगीण व्हायचं होतं; मठाने तिला घेतलं नाही. मग तिने सुई धरली. इथली लेस तुकड्यातुकड्यांनी बनते. झेली बायकांना घरी काम देई आणि तुकडे जोडण्याचं सर्वांत नाजूक काम स्वतः करी.

१३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री तिने घड्याळजी लुई मार्तँशी लग्न केलं. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली.

धंदा इतका वाढला की १८७० मध्ये लुईने स्वतःचं दुकान विकून तिच्या कामाला हातभार लावला. त्या काळात ही मोठीच गोष्ट! तिच्या दोनशेहून अधिक पत्रांत आजारी लेकरं आहेत, ऑर्डरींची घाई आहे.

१८७७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने झेली गेली. २०१५ मध्ये चर्चने नवरा-बायको दोघांनाही एकत्रच संत घोषित केलं.