सेंट ऑगस्टीनचे दीपगृह : एका जीर्णोद्धाराची हकीकत

समुद्रकाठच्या माणसास दीपगृहाची महती सांगावयास नको. परंतु ज्या दिव्याची गलबतांस पूर्वीइतकी गरज उरली नाही, त्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न मात्र जगातील पुष्कळ किनाऱ्यांवर उभा राहिला आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतातल्या सेंट ऑगस्टीन या गावाने त्याचे जे उत्तर दिले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते. कारण ते उत्तर सरकारने नव्हे, तर आपल्यासारख्याच एका लहानशा संस्थेने दिले.

हे गाव स्पॅनिश लोकांनी १५६५ साली वसविले. १८२१ साली फ्लॉरिडा अमेरिकेच्या ताब्यात आल्यावर तेथील जुन्या टेहळणीच्या मनोऱ्यावर १८२४ पासून दीप तेवू लागला. १८५९ साली मनोऱ्यास रंग देत असता दीपपाल जोसेफ आंद्रेऊ उंचावरून पडून मृत्यू पावला. तेव्हा त्याची विधवा पत्नी मारिया हिने ते काम अंगावर घेतले. ज्या पायऱ्या पतीने रोज चढाव्या, त्याच ती दुःख गिळून चढू लागली. या स्थळाच्या इतिहासात स्त्रियांचा हात असा आरंभापासूनच लागला आहे.

पुढे समुद्राने किनारा खाण्यास सुरुवात केली. म्हणून थोडे आत सरकून नवा मनोरा बांधण्यात आला आणि १८७४ साली तो प्रज्वलित झाला. उंची १६५ फूट, पायऱ्या २१९, अंगावर काळेपांढरे नागमोडी पट्टे आणि माथ्यावर तांबडी दीपकोठी, असे त्याचे रूप आहे. जुना मनोरा १८८० साली समुद्रार्पण झाला. नव्या मनोऱ्यातील भिंग फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधिलेल्या पद्धतीचे आहे. हाताने पैलू पाडलेले ३७० लोलक त्यात अशा रीतीने बसविले आहेत, की इतस्ततः पसरणारे किरण वळून एकत्र क्षितिजाकडे जावेत. आरंभी हा दिवा चरबीच्या तेलावर, नंतर रॉकेलवर आणि १९३६ पासून विजेवर चाले. तेलाच्या काळी दीपपालास ते सारे इंधन खांद्यावरून वर न्यावे लागे.

१९५५ साली दिवा स्वयंचलित झाला आणि दीपपालाची गरज संपली. जेथून माणूस जातो तेथून घराची कळाही जाते. दीपपालांचे दुमजली घर ओस पडले आणि १९७० साली आगीत होरपळून निघाले. उरल्या त्या केवळ भिंती!

अशा स्थितीत १९८० साली ज्युनियर सर्व्हिस लीग या स्थानिक स्त्रीसंस्थेच्या मोजक्या भगिनी पुढे आल्या. त्या घराचा आणि भोवतालच्या जागेचा त्यांनी ९९ वर्षांचा करार केला. मनोऱ्यासाठी तटरक्षक दलाशी निराळा करार करावा लागला. घराचे काम चालू असतानाच १९८६ साली कोणा दुष्टाने बंदुकीच्या गोळ्यांनी भिंगाचे १९ लोलक फोडले. भिंग खिळखिळे होत गेले आणि १९९१ साली ते बंद करून त्या जागी आधुनिक दिवा लावण्यात आला. जुने भिंग कायमचे काढून न्यावे, असाही विचार झाला. येथे या भगिनींनी माघार घेतली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी भिंग दुरुस्त करण्याचाच आग्रह धरिला. जाणत्या कारागिरांकडून ते पूर्ववत करविले आणि १९९३ साली तोच जुना दीप पुनश्च उजळला. पुढील वर्षापासून तेथील संग्रहालय लोकांस पूर्ण वेळ खुले झाले. २००२ साली मनोऱ्याची मालकीही संग्रहालयाच्या संस्थेकडे आली.

गावास यातून काय लाभले? शाळांतील मुले तेथे येऊन आपल्या गावाचा इतिहास शिकतात, स्वयंसेवक जुन्या पद्धतीने लाकडी होड्या बांधतात, आणि किनाऱ्याजवळ बुडालेल्या जहाजांचे संशोधन त्याच संस्थेमार्फत चालते. आम्हांस जीर्णोद्धाराचे मर्म येथे दिसते. भिंतीस चुना लावणे हे अर्धेच काम होय. त्या वास्तूस पुन्हा काही कार्य नेमून देणे हे उरलेले अर्धे. ज्या वास्तूस कार्य नाही तिचा चुना पुन्हा गळू लागतोच.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, थळसमोरील खांदेरी बेटावर १८६७ साली बांधलेले दीपगृह उभे आहे. मराठ्यांच्या गडकोटांबरोबर खांदेरीचा किल्लाही २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. हा मान मोठा खराच. तथापि त्याचा लाभ समोरच्या कोळीवाड्यांतील मुलांपर्यंत पोहोचला तरच तो सार्थ होईल.

आणि हा विचार केवळ दीपगृहांपुरता कशास ठेवावा? आपल्या पूर्वजांनी पैपैसा जमवून उभारलेली वसतिगृहे, वाचनालये व धर्मशाळा ठिकठिकाणी आहेत. कित्येकांच्या छपरांतून आज पाणी गळते आणि सभांतून त्यांच्या विक्रीच्या गोष्टी निघतात. त्या मोजक्या भगिनींपाशी आरंभी जळक्या भिंतींखेरीज दुसरे भांडवल नव्हते. होता तो ९९ वर्षांचा करार करण्याइतका धीर. आपल्या भिंती तर अद्याप शाबूत आहेत. तेवढा धीर आपण एकत्र बसून करावा, एवढीच आमची विनंती आहे.