टेक्सासमध्ये कोण सापडलं?

१७ मार्च २००५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीपुढे बेसबॉलचे बडे तारे शपथेवर साक्ष देणार होते: मार्क मॅग्वायर, सॅमी सोसा, राफाएल पाल्मेरो, होसे कान्सेको. सगळे कॅमेरे त्यांचीच वाट पाहत होते. पण त्यांच्याआधी काही पालकांची साक्ष झाली. त्यांत टेक्सासहून आलेले डॉन हूटन होते. स्टेरॉइड घेणाऱ्या व्यावसायिक खेळाडूंना त्यांनी भर सभागृहात भित्रे म्हटलं.

हूटन यांचा मुलगा टेलर प्लेनो वेस्ट हायस्कूलच्या बेसबॉल संघात पिचर होता. उंची सहा फुटांहून जास्त, अंगकाठी सडपातळ. सोळा वर्षांच्या या मुलाला त्याच्या प्रशिक्षकाने सांगितलं, पुढच्या मोसमात खेळायचं तर अंग भरायला हवं. कसं भरायचं, ते सांगितलं नाही. ते टेलरने स्वतःच शोधलं: स्टेरॉइड. काही महिन्यांत त्याचं वजन भराभर वाढलं. सोबत संतापाचे झटके आले आणि घरातले पैसेही जाऊ लागले. स्टेरॉइडच्या रूपात बाहेरून घेतलेलं हार्मोन शरीरात येत असताना शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. औषध एकदम सोडलं की ती उणीव भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात आणि त्या काळात गाढ नैराश्य येऊ शकतं. १५ जुलै २००३ रोजी, सतरावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला असताना, टेलरने आपलं आयुष्य संपवलं. त्याच्या मृत्यूला स्टेरॉइड सोडल्यानंतरचं नैराश्य कारणीभूत असल्याचं त्याच्या वडिलांनी समितीला सांगितलं.

प्लेनो हे डॅलसचं सुखवस्तू उपनगर. तिथे आणि शेजारच्या फ्रिस्कोत आज अनेक मराठी कुटुंबं राहतात आणि त्यांची मुलं याच शाळांच्या मैदानांवर खेळतात. हायस्कूलच्या खेळाडूंची सक्तीची स्टेरॉइड चाचणी हा अमेरिकेतला मोठा आणि महागडा प्रयोग याच राज्यात झाला. त्याची मुळं मात्र अर्धशतक मागे जातात.

टेस्टोस्टेरॉन वेगळं काढण्यात आणि प्रयोगशाळेत बनवण्यात १९३५ मध्ये यश आलं. १९५४ मध्ये व्हिएन्नातल्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सोव्हिएत खेळाडू ते वापरत असल्याचं अमेरिकी संघाचे डॉक्टर जॉन झिग्लर यांच्या कानावर आलं. १९५८ मध्ये सिबा कंपनीने डायनाबॉल नावाची स्टेरॉइडची गोळी बाजारात आणली आणि झिग्लर यांनी ती पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क बारबेल क्लबच्या भारोत्तोलकांना दिली. पुढे खेळाडूंनी सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या खायला सुरुवात केली, तेव्हा झिग्लर यांना आपल्याच कामाचा पश्चात्ताप झाला. तोवर गोळी जिममधून अमेरिकन फुटबॉलच्या मैदानापर्यंत पोहोचली होती. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची पहिली तपासणी झाली ती १९७६ मध्ये, माँट्रियलला.

शाळेतल्या मुलांकडे लक्ष गेलं ते आणखी बारा वर्षांनी. १९८८ मध्ये विल्यम बकली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. तीत बारावीतल्या ६.६ टक्के मुलांनी स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं होतं. त्याच वर्षी सोलमध्ये बेन जॉन्सनचं शंभर मीटरचं सुवर्णपदक काढून घेतलं गेलं. १९९० मध्ये काँग्रेसने कायदा करून स्टेरॉइडना नियंत्रित द्रव्यांच्या यादीत टाकलं. पण ज्या वयात हाडं अजून वाढत असतात, त्या वयात ही द्रव्यं हाडांची टोकं वेळेआधी जोडून उंचीच खुंटवू शकतात, ही गोष्ट वर्गात सांगायची जबाबदारी कोणाची, हे काही ठरलं नाही.

मुलांची चाचणी घ्यायची तर आधी कायद्याची अडचण होती. सरकारी शाळा ही सरकारचाच भाग. तिने कसलाही संशय नसताना विद्यार्थ्याची लघवी तपासली, तर ती झडती होत नाही का? हा प्रश्न ओरेगनमधल्या व्हर्नोनिया या लाकूडतोडीवर जगणाऱ्या छोट्या गावातून सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे स्टेरॉइडचा नव्हे, गांजा, कोकेन आणि अँफेटामिनचा शोध घेतला जात होता. १९९१ मध्ये सातवीतल्या जेम्स ऍक्टनला फुटबॉल खेळायचं होतं, पण त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी संमतिपत्रावर सही करायला नकार दिला.

व्हर्नोनियातली पद्धत निकालपत्रात बारकाईने नोंदलेली आहे. मोसमात दर आठवड्याला सगळ्या खेळाडूंची नावं एकत्र केली जात. दोन मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली एक विद्यार्थी न बघता चिठ्ठ्या उचले आणि दहा टक्के मुलं निवडली जात. निवडलेला मुलगा फॉर्म भरे आणि कुठली औषधं चालू आहेत ते लिहून देई. मग रिकाम्या लॉकर रूममध्ये मोठ्या माणसाकडे पाठ करून उभा राही. देखरेख करणारा बारा ते पंधरा फूट मागे थांबे. मुलींना बंद दरवाजाआड जाता येई. बाटली हातात आली की आधी तिचं तापमान पाहिलं जाई, म्हणजे कोणी दुसऱ्याचा नमुना आणून दिलेला नाही ना, हे कळे.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलं त्याचा आशय असा, की खेळाडू लॉकर रूममध्ये सगळ्यांसमोर कपडे बदलतात, त्यामुळे खासगीपणाची त्यांची अपेक्षा मुळातच कमी असते. २००२ मध्ये ओक्लाहोमातल्या टेकमसेच्या खटल्यात हा अधिकार शाळेतल्या इतर स्पर्धात्मक उपक्रमांपर्यंत वाढला. राज्यांना आता मोकळी वाट मिळाली होती.

पहिलं पाऊल न्यू जर्सीने टाकलं. डिसेंबर २००५ मध्ये तिथले प्रभारी गव्हर्नर रिचर्ड कोडी यांनी आदेश काढला आणि २००६-०७ पासून राज्य अजिंक्यपद स्पर्धांमध्ये पोहोचलेल्या संघांतल्या खेळाडूंची चाचणी सुरू झाली. फुटबॉल, कुस्ती, मैदानी खेळ, पोहणं, लक्रॉस आणि बेसबॉल या खेळांवर भर होता. दोषी ठरल्यास वर्षभर बंदी. फ्लोरिडाने एक छोटा प्रयोग केला आणि पैशांअभावी २००९ मध्ये गुंडाळला.

टेक्सासने मात्र सगळं भव्य करायचं ठरवलं. तिथे शुक्रवारच्या रात्री गावंच्या गावं हायस्कूलच्या फुटबॉल सामन्याला लोटतात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. उपगव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी चाचणीचा प्रश्न लावून धरला, हूटन त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि २००७ मध्ये कायदा झाला. दोन वर्षांसाठी सुमारे ६० लाख डॉलर मंजूर झाले. सात लाखांहून जास्त खेळाडूंतून यदृच्छेने नावं काढायची, साधारण ३० टक्के शाळांपर्यंत पोहोचायचं आणि हजारो मुलांची तपासणी करायची, असा बेत होता. शिक्षाही ठरलेल्या होत्या. पहिल्यांदा सापडला तर शाळेचे ३० दिवस बंदी, दुसऱ्यांदा एक वर्ष, तिसऱ्यांदा हायस्कूल संपेपर्यंत खेळ बंद.

फेब्रुवारी २००८ मध्ये नमुने घेणं सुरू झालं. पहिल्या टप्प्यात १० हजारांहून जास्त चाचण्या झाल्या आणि स्टेरॉइड घेतल्याचं सिद्ध झालेले विद्यार्थी निघाले दोन.

या आकड्यावरून लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, मुलं स्वच्छ आहेत, मग एवढा खर्च कशाला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, मुलं घाबरून दूर राहिली, म्हणजे चाचणीने आपलं काम केलं. तिसरी शक्यताही होती. पोटात घ्यायची काही स्टेरॉइड थोड्याच आठवड्यांत लघवीतून निघून जातात, अंगाला लावायची जेल त्याहून लवकर. ग्रोथ हार्मोन लघवीच्या चाचणीत सापडतच नाही. शिवाय टेक्सासची तपासणी ठरावीक स्टेरॉइडपुरतीच होती आणि एखाद्या मुलाचं नाव निघण्याचा संभव फारच थोडा होता. अशा चाचणीत कोणी सापडलं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

निधी कमी कमी होत गेला. याच सुमारास, २०१२ मध्ये, प्लेनोला लागून असलेल्या ॲलन गावात हायस्कूलसाठी १८ हजार आसनांचं फुटबॉल स्टेडियम उभं राहिलं. खर्च ६ कोटी डॉलर. अख्ख्या राज्याने चाचणीवर सगळ्या वर्षांत मिळून सुमारे १ कोटी डॉलर खर्च केले होते. हे आकडे शेजारी ठेवले की मोठ्या माणसांना मुलांकडून काय हवं होतं, ते कळतं. अंग भर असं मुलाला सांगणारं सगळं वातावरण जागच्या जागी राहिलं आणि बाटली तेवढी मुलाच्या हातात दिली गेली.

आश्चर्य म्हणजे याचं उत्तर ज्या ओरेगनमधून चाचणीचा खटला आला होता, तिथेच शोधलं जात होतं. पोर्टलंडच्या वैद्यकीय विद्यापीठात लिन गोल्डबर्ग आणि डायन एलियट यांनी हायस्कूलच्या फुटबॉल संघांसाठी ॲटलस नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेरॉइड घ्यायची इच्छा त्याने कमी झाली होती. गोल्डबर्ग यांनीच पुढे खेळाडूंच्या अचानक होणाऱ्या चाचण्यांचा दोन वर्षं अभ्यास केला. २००७ मध्ये, म्हणजे टेक्सासने कायदा केला त्याच वर्षी, त्याचा अहवाल आला. गेल्या महिन्याभरात मादक द्रव्यं घेतल्याचं प्रमाण चाचणी असलेल्या आणि नसलेल्या शाळांमध्ये सारखंच होतं. टेक्सासच्या विधिमंडळाचे पैसे मात्र बाटल्यांवरच लागले होते.

२०१५ मध्ये टेक्सासने कार्यक्रम बंद केला. तोवर ५० हजारांहून जास्त चाचण्या झाल्या होत्या आणि सापडलेली मुलं मोजकी होती. ज्यांच्या मुलामुळे हा कायदा झाला, त्या डॉन हूटन यांनी आपली मोठी चूक झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं. मुलं स्वच्छ आहेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चाचणी तोकडी होती आणि अंमलबजावणी ढिली, म्हणून मुलं सापडत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मुलाच्या नावाने स्थापन केलेल्या संस्थेतर्फे शाळाशाळांत जाऊन मुलांशी, पालकांशी आणि प्रशिक्षकांशी बोलण्याचं काम त्यांनी चालूच ठेवलं.

ॲटलसमध्ये संघाचे छोटे छोटे गट पाडले जातात. प्रत्येक गटाला शिकवायचं काम त्याच संघातल्या एका मुलाकडे असतं आणि प्रशिक्षक सोबत असतो. तास सरावाच्या वेळातच होतात. स्टेरॉइडशिवाय ताकद वाढवायला काय खायचं, वजनं कशी उचलायची, कोणी गोळी पुढे केली तर नकार कसा द्यायचा, हे तिथे ठरतं. ज्या प्रशिक्षकाने टेलरला अंग भरायला सांगितलं, त्याच्याकडे असा तास घ्यायची सोय असती, तर त्याच दिवशी त्याला पुढचं वाक्यही सांगता आलं असतं.