रामटेकच्या तळ्याकाठची राजमाता

आपल्या वर्धा-सावंगी भागात रामटेक न पाहिलेली गृहिणी क्वचितच आढळेल. कुणी कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला गेलेली असते. कुणी घरच्या माणसाच्या अस्थी घेऊन अंबाळा तलावावर जाऊन आलेली असते. कुणी मुलाबाळांसह खिंडसी तलावात नावेतून फिरून आलेली असते. गडाच्या पायऱ्या चढाव्या, रामलक्ष्मणाचे दर्शन घ्यावे, माकडांपासून प्रसादाची पुरचुंडी सांभाळावी, तळ्याच्या काठी डबा सोडावा आणि दिवस मावळता परत फिरावे, असा आपला ठरलेला परिपाठ आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु याच टेकडीशी आणि याच परिसराशी जिचे नाव जोडलेले आहे, त्या एका कर्तृत्ववान स्त्रीची ओळख न होताच आपण परततो. ती स्त्री म्हणजे वाकाटकांची राजमाता प्रभावतीगुप्ता होय.

आज ज्याला आपण विदर्भ म्हणतो, तेथे सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटक घराण्याचे राज्य होते. उत्तरेत त्याच वेळी गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त राज्य करीत होता. प्रभावती ही त्याची लेक. तिची आई कुबेरनागा ही नागवंशातली. प्रभावतीचा विवाह वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी झाला आणि ती नंदिवर्धन या राजधानीत नांदावयास आली. नंदिवर्धन म्हणजेच रामटेकपासून जवळ असलेले आजचे नगरधन, असे इतिहासकारांनी ठरविले आहे.

पुढे रुद्रसेन अकाली वारला. मुले लहान होती. अशा वेळी एखादा दीर वा सेनापती पुढे सरसावून राज्य आपल्या हाती घेई, असे प्रसंग इतिहासात थोडेथोडके नाहीत. येथे मात्र राज्यकारभार त्या तरुण विधवेने स्वतः हाती घेतला. युवराज दिवाकरसेनाच्या नावाने ती राज्य चालवीत होती, आणि हे राज्य किमान तेरा वर्षे चालले असे तिच्याच ताम्रपटावरून दिसते.

हा ताम्रपट पुण्यात एका तांबट घराण्याकडे सापडला. ज्यांच्याकडे जुनी भांडी मोडीत यावयाची, त्यांच्याच घरी राणीचे शब्द शाबूत राहिले, ही नवलाचीच गोष्ट म्हणावयाची! राज्याच्या तेराव्या वर्षी, कार्तिक शुद्ध द्वादशीस, म्हणजे कार्तिकी एकादशीच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशी, तिने भगवंताच्या चरणी अर्पण करून दंगुण नावाचे गाव एका ब्राह्मणास दान दिले, असे त्यात कोरले आहे. आता हे दंगुण कोणते? महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शीवेवरच्या गावांची नावे जुळवून दंगुण म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाट, असे दाखविले. एवंच, जिला आपण ओळखत नाही, तिच्या कारभाराची खूण आपल्याच शेजारी आहे.

या ताम्रपटातली आणखी एक गोष्ट स्त्रियांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दानपत्राच्या आरंभी राजाची वंशावळ द्यावी, अशी रीत असे. प्रभावतीने वंशावळ दिली ती आपल्या माहेरच्या गुप्त घराण्याची! आईचे नाव तिने त्यात आवर्जून घातले. सासरी येऊन, वैधव्य सोसून, मुलाच्या वतीने राज्य सांभाळणाऱ्या या बाईने आपले गोत्रही पित्याचेच, धारण हे, सांगितले. सासरच्या राज्याची धुरा वाहताना आपण कोणाची लेक, हे तिने पुसू दिले नाही. आपल्या रेशनकार्डावर आणि सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव कसे व कोठे येते, याचा विचार करणाऱ्या भगिनींना यात पुष्कळ सापडेल.

तिच्या वाट्याला पुत्रशोकही आला असावा, कारण दिवाकरसेन राजा झाल्याचा दाखला मिळत नाही. पुढे दामोदरसेन आणि त्यानंतर दुसरा प्रवरसेन गादीवर आले. प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षीचा प्रभावतीचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे मिळाला. तो रामगिरीच्या स्वामींच्या पायांपासून, म्हणजे रामटेकच्या देवस्थानातून दिला गेला आहे. तोवर ती चांगलीच वृद्ध झाली होती. महाराष्ट्री प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे काव्य परंपरेने याच प्रवरसेनाचे मानले जाते. आपल्या मराठीचे मूळ ज्या भाषेत, त्या भाषेतला हा कवी राजा तिच्या मांडीवर वाढला.

टेकडीवर गेल्यावर रामाच्या देवळाकडे जाण्याच्या घाईत आपण वाटेवरची लहान देवळे मागे टाकतो. त्यांत वराह आहे, त्रिविक्रम आहे आणि नरसिंहाची दोन देवळे आहेत. ही सारी वाकाटककाळची. नरसिंहाच्या दोन देवळांपैकी ‘केवल नरसिंह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळात एक शिलालेख आहे. त्याची बरीच अक्षरे तुटली आहेत. तरी अभ्यासकांनी त्यातून एवढे वाचले की, प्रभावतीच्या मागे तिच्या लेकीने भावाच्या साह्याने आईच्या पुण्यार्थ येथे देऊळ उभारले. त्याच लेखात ‘सुदर्शन’ नावाच्या तळ्याचाही उल्लेख येतो. देवाबरोबर पाण्याचीही सोय करावी, ही त्या काळची पुण्याची कल्पना होती.

पाणी आणि रामटेक यांचे नाते तर फारच जुने. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर राहिला, तेथील पाणी सीतेच्या स्नानाने पवित्र झाले होते, असे कालिदास सांगतो. हा रामगिरी म्हणजे रामटेकच, असे मत मिराशींनी हिरिरीने मांडले. यादवराजा रामचंद्राच्या काळचा, तेराव्या शतकातला एक लेख लक्ष्मणाच्या देवळात आहे. त्यात येथील तीर्थांची नावे दिली आहेत. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ती यात्रेकरूंची मार्गदर्शिकाच होय. गुजरातेतून रामयात्रेला म्हणून निघालेला राजपुत्र वाटेत रिद्धपुरास गोविंदप्रभूंना भेटला आणि पुढे चक्रधरस्वामी झाला, ही महानुभावांची कथा आपण ऐकलेली आहे. भोसल्यांनी पुढे गडाची व देवळांची डागडुजी केली. खिंडसीचा विस्तीर्ण तलाव मात्र ब्रिटिश अमदानीत धानाच्या सिंचनासाठी सूर नदीवर बांध घालून केलेला आहे. एकाच परिसरात प्रत्येक पिढीने आपापल्या परीने पाणी अडविले, असे दिसते.

जपानात बीवा नावाचे असेच एक सरोवर आहे. त्याचा विस्तार सुमारे 670 चौरस किलोमीटर. त्याच्या काठच्या ओत्सू गावी इ. स. 667 मध्ये सम्राट तेन्जीने राजधानी नेली होती. तेथल्या इशियामा देवळात एक खोली यात्रेकरूंना दाखवितात. मुरासाकी शिकिबू या बाईने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी आपल्या ‘गेन्जी’ या जगप्रसिद्ध कादंबरीला याच खोलीत आरंभ केला, अशी तिकडची समजूत आहे. खरे-खोटे काहीही असो. जपानी माणूस तळे पाहावयास येतो आणि एका स्त्रीचे नाव घेऊन परत जातो. त्याच सरोवरातल्या चिकुबू बेटावर बेन्झाइतेन देवीचे ठाणे आहे. ही देवी म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेली आपली सरस्वती!

जपानचे आपल्याशी नाते तसे दूरचे नाही. 1933 साली भिक्षू फुजी गुरुजी वर्ध्यास गांधीजींना भेटले. त्यांच्या पंथाचा शांतिस्तूप आज गीताई मंदिराशेजारी उभा आहे. रामटेकजवळच्या मनसर येथे 1990 च्या दशकाच्या अखेरीस मोठे उत्खनन झाले. ते जपानात जन्मलेल्या भदंत सुरई ससाई यांच्या संस्थेने पुढाकार घेऊन करविले. तेथील तळ्याजवळच्या हिडिंबा टेकडीवर वाकाटककालीन विटांचे भव्य देवालय उघडे झाले, आणि प्रवरसेनाची नवी राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक विद्वान मानू लागले. मिराशींच्या मते मात्र प्रवरपूर म्हणजे आपले पवनार. 1938 साली विनोबा तेथे राहावयास गेले, तेव्हा जमीन खणताना भरत-रामाच्या भेटीचे शिल्प निघाले होते. त्याच पवनारला 1959 साली त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. वाद विद्वानांनी मिटवावा. आपल्याला एवढे पुरे की, धाम नदीचा काठही या इतिहासात मोडतो.

नगरधनला अलीकडे, 2015 ते 2018 च्या सुमारास, उत्खनन झाले. तेथे मातीची एक मुद्रा मिळाली. तिच्यावर शंख आहे आणि प्रभावतीगुप्तेचे नाव आहे. ताम्रपटात ‘युवराजाची आई’ म्हणून बोलणारी ही राणी मुद्रेवर स्वतःच्या नावाने उभी आहे.

तेव्हा पुढच्या सहलीला भगिनींनी थोडा निराळा क्रम ठेवून पाहावा. सकाळी आधी नगरधनचा किल्ला पाहावा. मग गडावर चढताना केवल नरसिंहाच्या देवळाशी पाच मिनिटे थांबून मुलींना तेथला लेख दाखवावा, आणि एका लेकीने आईसाठी हे केले, एवढे सांगावे. दर्शनानंतर अंबाळ्याच्या घाटावर उतरावे. तेथे निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात न टाकता परत आणाव्या. ज्या पाण्यात आपण आपल्या माणसांना निरोप देतो, ते स्वच्छ राखणे हेही श्राद्धच आहे. वेळ उरल्यास मनसर करावे.

स्मरणिका काढावयाची ती कशासाठी? आपल्या आधी ज्या राबल्या, त्यांची नावे पुसून जाऊ नयेत म्हणून. आपल्या मंडळात ज्यांनी आरंभी सतरंज्या झाडल्या, वर्गणी गोळा केली, हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्यांची नावेही लेकीसुनांनी आताच विचारून लिहून ठेवावी. रामटेकच्या त्या लेकीने दगडावर लिहिले. आपल्याजवळ कागद आहे.